पीडीएफमध्ये अडकलेले आकडे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तेच दहा-बारा आकडे सगळीकडे दिसतात. पत्रकार परिषदेत वाटलेल्या टिपणात तेवढेच असतात म्हणून. मूळ दस्तऐवज शेकडो पानांचा असतो. कोणत्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या ठरलेल्या शीर्षाखाली) गेल्या वर्षी किती तरतूद होती, त्यातले किती खर्च झाले आणि यंदा किती मागितले, हे सगळे त्यात असते. पण त्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, तिच्यातल्या आकड्यांची बेरीज होत नाही, म्हणून ती न वाचताच बाजूला पडते. याला बातमीदाराचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. अडचण तांत्रिक आहे आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ती बऱ्याच अंशी सुटते. आपल्या जिल्हा आवृत्त्यांच्या कार्यालयांत हे रोजचे काम व्हावे, म्हणून हे पत्र.

फाइल हाती आली की आधी ती कोणत्या जातीची आहे ते ओळखावे. एखाद्या ओळीवर माउस ओढून पाहावा. अक्षरे निवडली गेली नाहीत, तर ते पानांचे छायाचित्र आहे. निवडली गेली, तर ती नोटपॅडमध्ये चिकटवावीत. मराठी नीट उमटली तर उत्तमच. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोळा उमटला तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्ही-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच असते. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबले की ‘फॉन्ट्स’ या टॅबखाली फॉन्टचे नेमके नाव मिळते. ते नाव कळल्याशिवाय परिवर्तकाला, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंचात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला, हात लावू नये, कारण एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्याच्या मजकुराचे वाटोळे करतो. योग्य परिवर्तक वापरला तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासावेच लागतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये क्रम उलटा. ‘निर्मिती’, ‘दुरुस्तीपूर्व’, ‘आर्थिक’ हे शब्द आधी पाहावेत. चूक तिथेच सापडते.

चौथी जात सर्वांत फसवी. फॉन्ट युनिकोड असतो, निवडलेला मजकूर मराठीच उमटतो, पण जोडाक्षरे तुटलेली, वेलांट्या शेजारच्या अक्षराला लागलेल्या, काही अक्षरे गायब. पीडीएफ तयार करताना अक्षरांच्या आकारांची यादी फाइलमध्ये जाते, पण कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता अर्धवट राहतो, म्हणून हे होते. अशा फाइलमधला मजकूर उचलून दुरुस्त करत बसण्यापेक्षा पानांची चित्रे करून ती अक्षरओळखीच्या (ओसीआर), म्हणजे चित्रातली अक्षरे वाचून मजकूर करणाऱ्या, सॉफ्टवेअरला द्यावीत. वेळ कमी लागतो आणि चुका अशा राहतात, की त्या शोधता येतात.

मजकूर नीट उचलला जात असेल आणि पानावर तक्ते असतील, तर टॅब्युला वापरावे. ते पत्रकारांसाठीच तयार झालेले, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. संगणकावर जावा लागते. चालू केले की ब्राउझरमध्ये उघडते, पण फाइल आपल्याच संगणकावर राहते, बाहेर कुठे जात नाही. तक्त्याभोवती चौकट आखायची आणि दोन पद्धतींपैकी एक निवडायची. ज्या तक्त्याला आडव्या-उभ्या रेषा आहेत त्याला ‘लॅटिस’, ज्यात स्तंभ नुसत्या मोकळ्या जागेने वेगळे केले आहेत त्याला ‘स्ट्रीम’. आपल्याकडच्या अर्थसंकल्पात लेखाशीर्षाचे नाव दोन-तीन ओळींत मोडलेले असते. तिथे ‘स्ट्रीम’ निवडले तर एका नोंदीच्या तीन नोंदी होतात. छायाचित्राच्या पीडीएफवर टॅब्युला चालत नाही.

त्यासाठी टेसरॅक्ट हे फुकट मिळणारे अक्षरओळखीचे सॉफ्टवेअर. एचपी कंपनीत सुरू झालेले हे काम २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) वापरले जाते आणि मराठीसाठी वेगळी भाषा-फाइल मिळते. ती आठवणीने बसवावी लागते, नाहीतर मराठी पान इंग्रजी समजून वाचले जाते. पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) असावे. त्याहून बरेच कमी असेल तर अनुस्वार गळतात आणि मात्रा तुटतात. पान तिरके असेल तर आधी सरळ करावे, कारण शिरोरेषा तिरकी झाली की ओळी एकमेकींत मिसळतात. तक्त्याच्या उभ्या रेषा हा मोठा त्रास. त्या काना किंवा दंड म्हणून वाचल्या जातात. म्हणून पूर्ण पान एकदम न देता स्तंभानुसार कापून द्यावे आणि पानरचनेचा पर्याय ६, म्हणजे ‘एकसंध मजकुराचा ठोकळा’, निवडावा. नावांचा स्तंभ मराठीत आणि आकड्यांचा स्तंभ इंग्रजी अंकांत असेल, तर दोन्ही वेगवेगळ्या भाषांत वाचून घ्यावेत. एवढा खटाटोप नको असेल आणि पाने मोजकी असतील, तर गूगल ड्राइव्हवर चित्र चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडावे. मराठी गद्य तिथे चांगले वाचले जाते. तक्ते मात्र विस्कटतात.

आता खरे काम. अक्षरओळखीतून आलेला एकही आकडा पडताळल्याशिवाय छापायचा नाही. देवनागरी अंकांत १ आणि ९, ३ आणि ६, ४ आणि ५ यांची अदलाबदल होते. अनुस्वारासारखा डाग शून्य होतो, किंवा शून्य गळते. सुदैवाने अर्थसंकल्पात तपासणीची सोय आतच असते. प्रत्येक शीर्षाखाली एकूण, प्रत्येक विभागाखाली एकूण आणि शेवटी महाएकूण. आपल्या तक्त्यात प्रत्येक गटाची बेरीज स्वतंत्र स्तंभात काढावी, शेजारी छापील एकूण लिहावी आणि तिसऱ्या स्तंभात दोन्हींचा फरक घ्यावा. फरक शून्य असेल तिथे पुढे जावे. नसेल तिथे फरकाचा आकडाच चूक दाखवतो. फरक नेमका ३०,००० आला, तर दहा हजारांच्या स्थानावर ३ चा ६ किंवा ६ चा ३ झालेला असण्याची शक्यता मोठी. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असावेत किंवा एखादे शून्य कमीजास्त झाले असावे. हिशेबनीसांची ही जुनी युक्ती इथेही चालते. कधी कधी आपले वाचन अचूक निघते आणि मूळ छापील बेरीजच चुकलेली असते. ती मग स्वतंत्र बातमी आहे. पण संबंधित लेखा विभागाला विचारल्याशिवाय ती देऊ नये.

बेरीज करायला गेल्यावर शून्य येते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. एक्सेल किंवा गूगल शीट्स देवनागरी अंकांना संख्या न मानता मजकूर मानतात, त्यामुळे ‘१,२५,०००’ त्यांच्या हिशेबात धरलेच जात नाही. शोधा-बदला वापरून दहाही अंक एकेक करून इंग्रजीत बदलावेत आणि स्वल्पविराम काढून टाकावेत. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर देवनागरी अंक थेट संख्या म्हणून वाचता येतात. गूगल शीट्समध्ये नमुन्याने (रेग्युलर एक्स्प्रेशनने) शोधताना ‘कोणताही अंक’ या अर्थाची खूण देवनागरी अंक पकडत नाही. तिथे ‘० ते ९’ असा पल्ला देवनागरीत लिहून द्यावा लागतो.

एक्सेलच्या आणखी तीन सवयी मराठी बातमीला थेट नडतात. सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) दोनदा टिचकी मारून ती उघडली, की मराठीचा चुराडा दिसतो. फाइल ठीक असते, उघडण्याची रीत चुकलेली असते. ‘डेटा’ या मेनूतून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून’ निवडावे आणि अक्षरसंच ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ठेवावा. दुसरी सवय तारखांची. सातबाऱ्यातला गट क्रमांक १२/३ इंग्रजी अंकांत लिहिला, की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो आणि मूळ क्रमांक परत मिळत नाही. तिसरी सवय मोठ्या संख्यांची. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपतो, पुढच्या अंकांची शून्ये होतात. शासन निर्णयाचा संकेतांक १८ अंकी असतो. यादीत तो संख्या म्हणून भरला, तर शेवटचे तीन अंक जातात आणि ती यादी शोधासाठी निकामी होते. डेटा आत घेण्याआधी असे स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवून टाकणे हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सवयीवरचा उपाय.

या संकेतांकाविषयी थोडे अधिक. व्हॉट्सॲपवर फिरणारे शासन निर्णय खरे की खोटे, हा प्रश्न प्रत्येक कार्यालयात रोज येतो. संकेतांकाचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे असतात. निर्णयावरची तारीख आणि हे आठ अंक जुळत नसतील तर संशय घ्यावा. जुळत असतील तरी तोच संकेतांक राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून मूळ फाइल उतरवावी आणि फिरणाऱ्या प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहावी. खोटेपणा करणारे बहुधा खरा संकेतांक ठेवून आतला एखादा परिच्छेद बदलतात.

दोन तक्ते जोडताना गावांची नावे जुळत नाहीत, याचे कारण शुद्धलेखनापुरते नसते. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एक्सेलमधले लांबी मोजणारे सूत्र लावले तर एकाची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. ‘ॲड.’चेही तसेच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला आहे आणि आजही कित्येक कीबोर्ड तसेच लिहितात. शोध एकाचा घेतला तर दुसरा सापडत नाही. आपल्या स्वत:च्या बातम्यांच्या संग्रहालाही हे लागू आहे. जुन्या बातम्या ‘नाहीत’ असे वाटते तेव्हा त्या बऱ्याचदा वेगळ्या रीतीने टंकलेल्या असतात. नावे साफ करायला ओपनरिफाइन हे फुकट सॉफ्टवेअर चांगले आहे. ते सारखी दिसणारी नावे गटांत आणून दाखवते. त्यातल्या उच्चारावर आधारलेल्या पद्धती इंग्रजी, जर्मन अशा भाषांसाठी आहेत, त्या मराठीला सोडून द्याव्यात. ‘नीअरेस्ट नेबर’मधली लेव्हनश्टाइन पद्धत (किती अक्षरे बदलली की एक नाव दुसरे होते ते मोजणारी) घ्यावी आणि तिथला ‘ब्लॉक कॅरेक्टर्स’ हा आकडा ६ वरून ३ वर आणावा, कारण आपल्या गावांची नावे आखूड असतात. पण गट सुचला की लगेच ‘मर्ज’ दाबू नये. वडगाव आणि वडगांव एकच असतील, वाडगाव वेगळे असू शकते. एकाच तालुक्यात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्दही असतात.

म्हणून जिथे मिळेल तिथे नावाऐवजी जनगणनेचा संकेतांक जोडणीला घ्यावा. २०११ च्या जनगणनेत राज्यात ३५ जिल्हे होते. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे २०११ चे ठाणे आणि आजचे ठाणे यांची तुलना पालघर धरल्याशिवाय होऊच शकत नाही. ‘ठाण्याची लोकसंख्या घटली’ असा निष्कर्ष अशाच जोडणीतून निघू शकतो. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव (२०२३), अहिल्यानगर (२०२४) या नामांतरांमुळे जुने-नवे तक्ते नावाने जुळत नाहीत, हे वेगळेच.

तक्ता तयार झाला तरी मथळा काढण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘रुपये हजारात’ किंवा ‘रुपये लाखात’ लिहिलेले असते आणि एकाच दस्तऐवजाच्या दोन भागांत ते वेगळे असू शकते. दुसरे म्हणजे, तरतुदीचे चार स्तंभ असतात. मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. पुढच्या वर्षाची तुलना मूळ अंदाजाशी केली तर ‘कपात’ दिसते आणि सुधारिताशी केली तर ‘वाढ’, असे सर्रास होते. दोन्ही बरोबर असू शकतात. वाचकाला तुलना कशाशी आहे ते सांगितलेच पाहिजे, आणि माझ्या मते प्रत्यक्ष खर्चाचा स्तंभ दाखवल्याशिवाय तरतुदीची बातमी करूच नये.

संकेतस्थळावरची फाइल उद्या बदलू शकते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशिनवर पान जतन करण्याची सोय फुकट आहे. तिथली वेळ मात्र भारतीय नसते, साडेपाच तास मागे असते. १ एप्रिलच्या पहाटे दोनला जतन केलेले पान तिथे ३१ मार्चचे दिसेल, आणि आर्थिक वर्षाच्या बातमीत हा फरक महत्त्वाचा ठरतो. काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत, त्यामुळे ती तिथे जतन होत नाहीत. तेव्हा फाइल स्वत: उतरवावी आणि तिची एसएचए-२५६ ही खूण (फाइलच्या आशयावरून काढलेली, बोटाच्या ठशासारखी अंक-अक्षरांची ओळ) काढून तारखेसह नोंदवावी. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही सोय असतेच, वेगळे काही घ्यावे लागत नाही. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ही खूण पूर्ण बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात अशी खूण लिहावी लागते. बदनामीची नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती पहिल्या दिवशीच नोंदलेली बरी.

मुलाखतींचे ध्वनिमुद्रण मजकुराच्या रूपात लिहून काढण्यासाठी व्हिस्पर हे २०२२ मध्ये खुले झालेले सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चालते. भाषा ‘मराठी’ अशी स्वत: निवडावी, नाहीतर ते कधी कधी हिंदी समजून उतरवते. लहान मॉडेलांची मराठी कच्ची आहे, मोठे घ्यावे. ध्वनिमुद्रणात शांतता आली की ते कोणी न बोललेली वाक्येही लिहिते, म्हणून अवतरणचिन्हांत टाकायचे प्रत्येक वाक्य कानांनी ऐकून घेतलेच पाहिजे.

एक इशारा तातडीचा आहे. गुप्तपणे मिळालेली कागदपत्रे ‘फुकट पीडीएफ बदलून मिळेल’ अशा संकेतस्थळांवर चढवू नयेत. ती दुसऱ्याच्या यंत्रावर जातात आणि पुढे त्यांचे काय होते ते आपल्या हाती राहत नाही. वर सांगितलेली टॅब्युला, टेसरॅक्ट, ओपनरिफाइन आणि व्हिस्पर आपल्याच संगणकावर चालतात, हा त्यांचा मोठा गुण. गूगल ड्राइव्हला तो नाही. तसेच, पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर तसाच असतो आणि निवडून चिकटवला की बाहेर येतो. पीडित व्यक्तीचे नाव झाकायचे असेल तर पट्टी ओढून पान चित्र म्हणून जतन करावे आणि छापायला तेच चित्र द्यावे.

हे सगळे फार मोठ्या संस्थांचे काम आहे असे मानले जाते. पनामा पेपर्स, म्हणजे परदेशी कंपन्यांत दडवलेल्या पैशांविषयीची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली फुटलेली कागदपत्रे, १ कोटी १५ लाख होती. त्यांतल्या छायाचित्रांच्या स्वरूपातल्या पानांवर अक्षरओळख चालवायला शोधपत्रकारांनी हेच टेसरॅक्ट वापरले. आणि संकेतस्थळे बांधण्यासाठी जगभर वापरली जाणारी जँगो ही संगणकीय चौकट अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या छोट्या शहराच्या वृत्तपत्रात, बातम्यांची मुदत सांभाळता सांभाळता तयार झाली. मनुष्यबळ आपल्याकडेही आहे. जिल्हा कार्यालयात एका माणसाला आठवड्यातला अर्धा दिवस यासाठी द्यावा, एवढीच गरज आहे.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली ही, की आकड्यांच्या प्रत्येक मोठ्या बातमीखाली चार ओळींची चौकट असावी: मूळ दस्तऐवज कोणता, कोणत्या तारखेला उतरवला, कोणते स्तंभ घेतले, बेरीज जुळली की नाही. आणि स्वच्छ केलेला तक्ता संकेतस्थळावर वाचकांना उतरवून घेता यावा. चूक असेल तर वाचकच ती दाखवतील.

दुसरी मागणी सरकारदरबारी पोहोचवायची आहे. हे तक्ते मुळात कुठल्या तरी संगणकावर एक्सेलमध्ये तयार होतात, मग छापले जातात, मग त्यांचे छायाचित्र काढून पीडीएफ केली जाते. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २(ञ) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती घेण्याचा हक्क आहे आणि कलम ७(९) सांगते, की मागितलेल्या स्वरूपात माहिती साधारणपणे द्यावी. तेव्हा अर्जात ‘अर्थसंकल्पाची प्रत मिळावी’ असे न लिहिता ‘अर्थसंकल्पाचे तक्ते कार्यालयात ज्या एक्सेल फाइलमध्ये आहेत त्या फाइल ईमेलने किंवा सीडीवर मिळाव्यात’ असे लिहावे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. हे वाक्य त्यात सहज बसते. आपल्या वृत्तपत्राने सर्व जिल्हा परिषदा आणि महापालिकांकडे असा अर्ज एकाच दिवशी करावा आणि कोणी कोणत्या स्वरूपात उत्तर दिले त्याचा तक्ता छापावा.

आपला,
वृत्तपत्राच्या डेस्कवर आकडेवारी हाताळणारा एक वाचक